हरभऱ्यापुरता चिखल

शहाणं सैन्य दुसऱ्याच्या युद्धातून शिकतं; स्वतःच्या युद्धातून शिकायला फार रक्त लागतं. हे वाक्य आमच्या ऑफिसच्या दारावर पितळी पाटीवर कोरलेलं होतं, आणि दर शनिवारी ती पाटी घासूनपुसून चकचकीत केली जाई.

त्या ऑफिसात मी लेफ्टनंट कर्नल होतो. ज्या सकाळबद्दल सांगतोय, त्या सकाळी मी महागाव तालुक्यात, माझ्या चुलतबहिणीच्या वावरात, पूर्ण गणवेशात, हातात पाण्याचा पाइप धरून उभा होतो. वावर कोरडं होतं. त्याचा चिखल करायचा होता. त्या चिखलात सैन्याचा एक ट्रक फसायला हवा होता, आणि तो काही केल्या फसत नव्हता.

“फसला का?” ब्रिगेडियर साहेबांनी धुऱ्यावरून विचारलं. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात.

“नाही, सर.”

“मग पाणी वाढवा.”

“बरोबर हाय साहेबाचं,” माझ्या मागून चुलतबहीण, शोभाताई, म्हणाली. “पानी कमीच हाय. तिकडच्या कोपऱ्यात तं अजून काहीच नाई पडलं.”

आमचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. जगात कुठेही युद्ध सुरू झालं की आमचा हंगाम सुरू होई. आम्ही बातम्या वाचायचो, व्हिडिओ पाहायचो, नकाशांवर टाचण्या टोचायचो आणि त्यातून आपल्या सैन्यानं काय शिकावं ते लिहायचो. या धंद्यात तीन शब्द महत्त्वाचे. पहिला, निरीक्षण: तिकडे काहीतरी घडलं हे आपल्याला दिसलं. दुसरा, सापडलेला धडा: त्यातून काय करायला हवं ते कागदावर आलं. तिसरा, शिकलेला धडा: ते खरोखर कोणीतरी केलं. डॉक्टरकडे जाणं, औषधाची चिठ्ठी घेणं आणि औषध पोटात जाणं, असा हा फरक आहे. आमच्या कपाटात तीन कप्पे होते. पहिला भरलेला होता. दुसरा इतका भरलेला होता की त्याचं दार सुतळीनं बांधावं लागे. तिसऱ्या कप्प्यात आमचा क्लार्क डबा ठेवायचा.

यात आमचा एकट्यांचा दोष नाही. दुसऱ्याचं युद्ध पाहायला जाणारा माणूस बहुतेक वेळा घरून नेलेलंच परत घेऊन येतो. रशिया-जपान युद्ध पाहायला युरोपातले अधिकारी गेले होते. त्यांनी खंदक पाहिले, काटेरी तारा पाहिल्या, मशीनगन पाहिल्या. आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी घरी येऊन लिहिलं की सैनिकात जिद्द असली तर संगीन पुरते. आजही तेच आहे. एकाच युद्धाचा व्हिडिओ दाखवला तर रणगाडेवाल्याला आणखी रणगाडे हवेत असं दिसतं, तोफखान्याला आणखी तोफा, आणि सिग्नलवाल्याला सगळ्यांचे रेडिओ जुने झालेले दिसतात. आमच्या ब्रिगेडियर साहेबांना चटई दिसली.

झालं असं. युक्रेनच्या युद्धाचे व्हिडिओ आम्ही पाहत होतो. काळ्या चिखलात ट्रक रुतलेले, चाकांखाली सैनिक फांद्या, फळ्या, मिळेल ते टाकतायत. साहेबांनी व्हिडिओ थांबवला. साहेब पुण्याचे. माणूस हुशार, उत्साही, आणि सकाळी आलेली कल्पना संध्याकाळपर्यंत कागदावर न आल्यास त्यांना झोप येत नसे.

“फांद्या कशाला शोधायच्या?” ते म्हणाले. “गुंडाळून नेता येईल अशी चटई हवी. टाकली, ट्रक बाहेर!”

आठवड्याभरात बांबूच्या पट्ट्या आणि कॅनव्हास यांची एक भलीमोठी वळकटी तयार झाली. तिचं नाव ठेवलं ‘रॅपिड मोबिलिटी मॅट’. आता चाचणी हवी. चाचणी पाहायला नागपूरहून जनरल साहेब येणार. साहेबांना आयुष्यात एकदा तरी तिसऱ्या कप्प्यात काहीतरी ठेवायचं होतं.

“पण तसली काळी माती आणायची कुठून?” त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं.

मीटिंगमध्ये गप्प बसणं ही सैन्यातली पहिली शिकवण. मी ती कित्येक वर्षं पाळली होती. पण आपल्या गावाचा विषय निघाला की माणसाचं काय होतं कोण जाणे.

“काळी माती आमच्याकडे आहे, सर,” मी म्हणालो. “यवतमाळ जिल्ह्यात.”

रीतीप्रमाणे एका कृषी महाविद्यालयातल्या मातीच्या प्राध्यापकांना विचारलं. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: तिकडची काळी माती आणि आपली कापसाची काळी माती यांची घडण निराळी, गुण निराळे, साम्य आहे ते रंगाचं. मी ते साहेबांना वाचून दाखवलं.

“म्हणजे रंग सारखा आहे,” साहेब म्हणाले. “पुढे चला.”

मी शोभाताईला फोन लावला. शोभाताई माझी थोरली चुलतबहीण. तिचं वावर महागावपासून जवळ, थेट रस्त्याला लागून. भाऊजी गेल्यापासून शेती तीच पाहते आणि गावातल्या बाकीच्यांनी आपापली शेती कशी पाहावी तेही तीच सांगते.

“ताई, तुझं वावर खाली आहे का?”

“सोयाबीन निघालं. खालीच हाय. काहून?”

“सैन्याले चिखल पाह्यजे.”

“तू बरा हायेस ना रे दिनू?”

मी सगळं समजावून सांगितलं. ट्रक, चटई, जनरल. तिनं ऐकून घेतलं आणि आपलं सांगितलं. पाऊस यंदा लवकर गेला होता. सोयाबीन निघेपर्यंत वावर वाळून कडक झालं होतं. खाली ओल नसेल तर हरभरा पेरून उपयोग नाही, उगवतच नाही. तिच्या वावरात विहीर नाही. शेजारच्या राठोडभाऊच्या विहिरीला पाणी आहे, पण शेतीची लाइन, म्हणजे वीज, येते रात्री, तीही ये-जा करत. त्याचंच भिजत नाही. शिवाय धुऱ्यावरून दोघांची कधीची बोलाचाली बंद. हरभरा गेला म्हणजे होळीपर्यंत वावर नुसतं पडून.

“चिखल कोरडा तं होत नाई ना,” ती म्हणाली. “पानी तुमीच आनसान?”

“आणू. टँकर आहे आमचा.”

“मंग घे वावर. पन माही एक अट हाय. चिखल करसान तं पुऱ्या वावराचा करा. एका कोपऱ्यात चिळकांडी मारून जाऊ नका. चिखलाच्या मागं माहा हरभरा हाय, ध्यानात ठेव.”

साहेबांना मी इतकंच सांगितलं की जमीनमालकीण सहकार्य करायला तयार आहे, आणि चाचणी संपूर्ण क्षेत्रावर व्हावी असा त्यांचा आग्रह आहे.

“वा!” साहेब म्हणाले. “याला म्हणतात देशप्रेम.”

आम्ही दोन ट्रक, एक पाण्याचा टँकर, वळकटी आणि हवालदार गुरमीत सिंग यांच्यासह तिथे पोहोचलो, तेव्हा अर्धं गाव धुऱ्यावर हजर होतं. उरलेलं अर्धं रस्त्यात होतं. चटई उतरवली तेव्हा एका म्हाताऱ्यानं तिच्याभोवती फेरी मारली, काठीनं टोचून पाहिलं आणि म्हणाला, “हा तं तट्टा हाय, साहेब. आमी कोठ्याले लावतो.” कोठा म्हणजे गोठा; त्याला उन्हापावसासाठी बांबूचा तट्टा लावतात. साहेबांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. म्हातारा काय म्हणाला ते त्यांना कळलं नसावं, किंवा फार चांगलं कळलं असावं.

पहिल्या दिवशी टँकरनं एक तुकडा भिजवला. गुरमीतला सांगितलं, ट्रक आत घाल आणि फसव. गुरमीत सिंगची ओळख करून देतो. भरघोस दाढी, शांत डोळे, डोंगरात, वाळवंटात, बर्फात गाड्या चालवलेला माणूस. त्यानं आजवर एकही गाडी कुठे फसवलेली नव्हती, आणि आता एका ब्रिगेडियरनं त्याला सगळ्या गावासमोर फसवायला सांगितलं होतं.

तो आत गेला. ट्रक डुलला, गुरगुरला, चिखल उडाला, आणि पलीकडून अगदी सहज बाहेर आला. धुऱ्यावरून टाळ्या.

“फँसा क्यों नहीं?” साहेब.

“कोशिश की थी, सर.” गुरमीत खाली मान घालून म्हणाला. “हाथ अपने आप निकाल लेते हैं.”

“फिर से.”

पुन्हा आत. पुन्हा बाहेर. शोभाताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “भल्ला ड्रायव्हर हाय रे हा. याले बदलू नका.” त्या दुपारी गुरमीतला भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा मिळाला. आम्हाला चहा.

तिचा हिशोब सरळ होता. ट्रक फसत नाही, म्हणजे चिखल कमी. चिखल कमी, म्हणजे आणखी पाणी. ट्रक दरवेळी बाहेर आला की वावराचा आणखी एक तुकडा भिजायचा. एकदा फसला की आमचं काम झालं, आणि तिचं अर्ध्यावर राहिलं.

टँकर पुरेना. साहेबांची नजर राठोडभाऊच्या विहिरीवर गेली. राठोडभाऊ पलीकडच्या तांड्यातला. धुऱ्यावर बसून तो आमची गंमत पाहत होता आणि मधूनमधून फोनवर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, कोणाला तरी तिचं धावतं वर्णन सांगत होता. साहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. राठोडभाऊ उठून उभा राहिला. आयुष्यात त्याला कोणी सॅल्यूट केला नव्हता. त्यानं गडबडीत दोन्ही हातांनी केला.

“देशासाठी तुमच्या विहिरीचं पाणी हवंय,” साहेब म्हणाले.

“घ्या ना साहेब, विहीर तुमचीच हाय. पन लाइन कोठं हाय? लाइन तं राती येते.”

साहेबांनी फोन काढला. वीज ऑफिसात ते कोणाशी आणि काय बोलले मला ठाऊक नाही. ‘राष्ट्रीय महत्त्व’ हा शब्द दोनदा ऐकू आला. थोड्या वेळानं राठोडभाऊची मोटार घुमायला लागली. नुसती त्याचीच नाही. लाइन एका विहिरीला देता येत नाही, ती देतात सगळ्या शिवाराला. आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी एकामागून एक सुरू झाल्याचा आवाज आला, आणि धुऱ्यावरची निम्मी माणसं उठून आपापल्या वावराकडे पळाली.

राठोडभाऊनं पाइप आणून शोभाताईच्या वावरात सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी सरकारले पानी देऊन राह्यलो. या बाईले नाई.”

“मी बी सरकारकडूनच घेऊन राह्यली,” शोभाताई म्हणाली.

त्यांच्यात कित्येक वर्षांनी झालेलं हे पहिलं संभाषण.

दिवसा लाइन मिळतेय म्हटल्यावर अख्ख्या शिवाराला आमच्या चाचणीत फार रस निर्माण झाला. ट्रक बाहेर आला की चारी बाजूंनी सल्ले यायचे.

“अजून ढिल्लं नाई झालं, साहेब!”

“काळी माती हाय, तिले दोन रोज तं मुरू द्या!”

“आमच्या वावरात या ना साहेब, आमच्या इथी उभा मानूस फसते!”

सरपंच स्वतः येऊन सांगून गेले की, सैन्यानं घाई करू नये, गाव महिनाभर सोबत आहे. साहेब इतके भारावले की त्यांनी मला अहवालात ‘जनसहभाग’ असा एक वेगळा परिच्छेद घालायला सांगितला. मी तो घातला. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं.

जनरल साहेब येणार त्या सकाळपर्यंत शोभाताईचं जवळजवळ सगळं वावर भिजून काळंभोर झालं होतं. राहिली होती रस्त्याकडची एक पट्टी. ती मुद्दाम कोरडी ठेवली होती, कारण तिच्यावर शामियाना होता. शामियान्यात लाल गालिचा, गालिच्यावर उमरखेडहून भाड्यानं आणलेला पांढरा सोफा, सोफ्यासमोर काचेचं टेबल, टेबलावर काजू. आणि ट्रक अजून फसला नव्हता.

साहेबांचा संयम संपत आला होता. ते ट्रकभोवती फिरत होते. अचानक चाकाजवळ थांबले.

“हे टायर असे बसलेले का दिसतायत?”

खरंच, टायर चपटे दिसत होते. साहेबांनी गुरमीतला बोलावलं.

“हवा कम की है, सर,” गुरमीत म्हणाला. “कीचड़ में जाने से पहले कम करते हैं.”

यातलं शास्त्र साधं आहे. हवा कमी केली की टायर पसरतो, उंटाच्या पायासारखा. वजन जास्त जागेवर वाटलं जातं, आणि गाडी रुतत नाही.

“किसने बोला कम करने को?”

“ऑर्डर है, सर.” गुरमीत सावधानमध्ये आला. “आप ही के ऑफिस से आया था. परेड में पढ़ा जाता है.” आणि त्यानं तो हुकूम तोंडपाठ म्हणून दाखवला. परदेशातील युद्धात टायरांची निगा न राखल्यामुळे वाहने चिखलात अडकली, सबब चिखलात उतरण्यापूर्वी प्रत्येक चालकाने वगैरे वगैरे. वाक्यं ओळखीची होती. मीच लिहिली होती. दुसऱ्या कप्प्यातून, सुतळीतून सुटून, तो कागद कधी बाहेर पडला, कोणाच्या हाती लागला आणि सगळ्या ड्रायव्हरांपर्यंत कसा गेला, हे आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. “म्हणजे हा शिकलेला धडा आहे?”

“दिसतंय तसं, सर.”

“आपला?”

“आपलाच, सर. तिसऱ्या कप्प्यातला. पहिलाच.”

त्यांच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला. मग घड्याळ पाहिल्यावर तो गेला. आमचा धडा सैन्यानं इतका नीट शिकला होता, की आमची चाचणी त्यामुळेच बुडत होती.

“हवा भरो,” साहेब म्हणाले.

गुरमीत हलला नाही. “सर, ऑर्डर के ख़िलाफ़ है.”

“अरे, ऑर्डर मेरा ही है!”

“तो सर, कैंसल कर दीजिए. मैं भर देता हूँ.”

ब्रिगेडियर साहेबांनी वावरात उभं राहून, साक्षीदारांसमोर, आमच्या ऑफिसच्या इतिहासातला एकमेव शिकलेला धडा दुपारच्या जेवणापर्यंत स्थगित केला. गुरमीतनं ट्रकच्याच पंपानं टायर टणक केले, डोळे मिटून क्षणभर काहीतरी पुटपुटला आणि आत गेला.

ट्रक पलीकडच्या धुऱ्याजवळ आसापर्यंत रुतला. असा सुंदर रुतला, की गावानं शिट्ट्या मारल्या. कोणीतरी “भारतमाता की जय” म्हणालं. गुरमीत खाली उतरला आणि ट्रककडे पाठ करून उभा राहिला.

“बंद करा पाणी!” साहेब ओरडले. “झालं काम!”

शोभाताई माझ्याकडे आली. “झालं काय? अन माही रस्त्याकडची पट्टी?”

“ताई, तिथी जनरल साहेब बसणार हायेत.”

“थे बसतीन अर्धा घंटा. हरभरा तिथी होळीपातुर राहनार हाय.”

“अगं, पण शामियाना आहे तिथं.”

“मी कोठं म्हनून राह्यली शामियाना हालवा म्हनून?”

ती गेली. मी वळून पाहिलं तेव्हा पाइपचं तोंड शामियान्याच्या मागच्या कनातीखाली गेलेलं होतं, आणि राठोडभाऊची मोटार चालूच होती. मी राठोडभाऊकडे पाहिलं. त्यानं मला दोन्ही हातांनी सॅल्यूट केला. गालिच्याखालून पाणी जाताना आवाज होत नाही, हे माझं त्या दिवसाचं निरीक्षण. ते मी त्या वेळी कोणाला कळवलं नाही.

जनरल साहेब आले. उंच, वजनदार, बूट असे की त्यांत शामियान्याची झालर दिसत होती. गालिच्यावरून चालताना पहिल्या पावलाला ‘पच्च’ असा बारीक आवाज आला. ते थांबले. खाली पाहिलं. गालिचा लाल आणि निर्दोष होता. ते पुढे चालले. पच्च. पच्च. सोफ्यावर बसले. साहेबांनी छडी घेतली आणि ब्रीफिंग सुरू केलं.

“सर, आपण आज जी माती पाहत आहात, ती अत्यंत फसवी असते...”

सोफ्याचे पुढचे दोन पाय एक बोट खाली गेले.

“वरून ती घट्ट वाटते...”

आणखी एक बोट. जनरल साहेब थोडे पुढे कलले. साहेबांना वाटलं, ते लक्ष देऊन ऐकतायत. त्यांनी आवाज चढवला.

“...परंतु शत्रूला कळेपर्यंत तो पुरता अडकलेला असतो!”

टेबलावरचे काजू घरंगळायला लागले.

“ब्रिगेडियर,” जनरल साहेब शांतपणे म्हणाले, “ये सोफ़ा नीचे क्यों जा रहा है?”

ते उठायला गेले. उठण्यासाठी पाय दाबावे लागतात. पाय दाबले, तसा भिजलेला गालिचा फाटला आणि दोन्ही बूट घोट्याच्या वर आत गेले. एक पाय त्यांनी जोरानं ओढला. पाय आला. बूट आला नाही. काळी माती ओली झाली की धरलेलं सोडत नाही. गावातल्या प्रत्येकाची एकतरी चप्पल तिच्या पोटात आहे. जनरल साहेब एका पायावर, पायमोजा हवेत, एक हात ब्रिगेडियरच्या खांद्यावर, असे उभे राहिले. धुऱ्यावर एवढी माणसं होती, पण कोणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम खोकायला सुरुवात केली.

“मॅट!” साहेब ओरडले.

आठ जवान वळकटी घेऊन धावत आले. ती धडाधड उलगडली गेली, थेट सोफ्यापर्यंत. जनरल साहेबांनी पायमोजातला पाय तिच्यावर ठेवला. चटई दबली, कुरकुरली, पण तिनं पेललं. त्यांनी दुसरा पाय बुटासकट उपसला आणि डुलत डुलत, राजहंसासारखे, रस्त्यापर्यंत चालत आले. बांबूच्या पट्ट्यांनी काम चोख केलं होतं. ‘रॅपिड मोबिलिटी मॅट’ची पहिली यशस्वी चाचणी इथे पूर्ण झाली.

पण चटई आता तिथल्या चिखलात रुतून बसली होती. आठ जवानांनी ओढली, निघेना. आणि ट्रक तिकडे दुसऱ्या टोकाला.

जनरल साहेबांनी रस्त्यावर उभं राहून ट्रककडे पाहिलं. बाजूला गुरमीत उभा होता.

“अब इसको कैसे निकालोगे, जवान?”

गुरमीतनं ब्रिगेडियर साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती. म्हणजे स्थगिती संपली होती.

“हवा निकालेंगे, सर,” गुरमीत म्हणाला.

फुस्स, फुस्स, फुस्स. चारही बाजूंनी टायर बसले. फावड्यानं चाकांपुढची थोडी माती काढली. गुरमीत आत बसला. ट्रक कण्हला, पुढे-मागे झुलला, आणि म्हैस तळ्यातून उठावी तसा वर आला. पोरीबाळी, म्हातारे, सरपंच, सगळे नाचायला लागले. शोभाताईनं गुरमीतच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. पगडीनं कपाळ झाकलेलं, त्यामुळे नेमकं कुठे लावावं याचा तिला आधी जरा प्रश्न पडला होता.

जनरल साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “एक्सलंट! हा कोणाचा धडा?”

“आमच्याच ऑफिसचा, सर,” ब्रिगेडियर साहेब म्हणाले. हेही खरं होतं.

आम्ही निघालो तेव्हा रस्त्याकडची पट्टी सोफ्यासकट भिजलेली होती. सोफा संध्याकाळी निघाला. बूट त्या दिवशी निघालाच नाही. पुढे पाणी मुरलं, वापसा आला. म्हणजे माती ना चिखल ना ढेकूळ, हातात घेतली तर मऊ सुटावी अशी झाली. पेरायची वेळ तीच. चाकांच्या चाकोऱ्या मोडून राठोडभाऊनंच आपल्या ट्रॅक्टरनं शोभाताईचा हरभरा पेरून दिला. पेरताना बूट निघाला. तो तिनं धुवून, वाळवून, मला रजिस्टर पोस्टानं पाठवला. मी तो वरच्या ऑफिसला सविनय सादर केला. पोच आली नाही.

हरभरा फार चांगला झाला. त्या वर्षी सगळ्या शिवाराचाच झाला. ट्रक रुतला होता तेवढी जागा मात्र जरा बसकी राहिली. चटई अजून शोभाताईच्या कोठ्याला आहे, उन्हाच्या बाजूला. अहवाल मी लिहिला. त्यात मॅटबद्दल लिहिलं की, तिनं पहिल्याच प्रयत्नात एक अवजड वरिष्ठ घटक सुखरूप बाहेर काढला. साहेबांनी ‘अवजड’ खोडलं. तिसऱ्या कप्प्यात कागद गेला आणि क्लार्कला डब्यासाठी दुसरी जागा शोधावी लागली. साहेबांना बढती मिळाली.

यातून धडा काढायचाच तर एवढाच: तुम्ही दुसऱ्याच्या युद्धातून शिकत असताना तुमच्याकडे पाहून आणखी कोणीतरी आपलं काम उरकत असतं. त्याचं काम बहुधा नीट होतं.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी एका मित्रदेशाचे दोन अधिकारी आमच्या ऑफिसात आले. त्यांनी आमचा अहवाल वाचला होता. तशीच चाचणी त्यांना आपल्याकडे करायची होती. पितळी पाटीचा त्यांनी फोटो काढला. मग एकानं वही उघडून विचारलं, चिखल नेमका किती खोल ठेवला होता? अहवालात तो आकडा नव्हता. मी ‘जरा माहिती घेतो’ म्हणून बाहेर येऊन शोभाताईला फोन लावला.

“कोनाले पाह्यजे?” तिनं विचारलं.

“परदेशी सैन्याले.”

“त्याइले सांग, हरभऱ्यापुरता. वीतभर खालीवरी ओल गेली म्हनजे झालं.”

मी आत येऊन वितीचे इंच करून सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि खाली रेघ मारली. त्यांच्याकडेही माती काळीच आहे म्हणे. हरभरा मात्र तिकडे पिकत नाही.